बिबट्या न दिसण्याचं कारण

सफारीहून आलेला माणूस फोटो दाखवतो, आणि त्याच्याबरोबर त्याच जीपमध्ये बसलेल्या माणसाकडे किस्से साठतात. आमच्या ग्रुपमध्ये गेले तीन महिने कुणाहीकडे जेवायला जा, वरणभात संपायच्या आत कुणीतरी फोन पुढे करतंच, 'ही बघ सिंहीण.' किस्से मात्र कुणी काढत नाही. कारण सिंहिणीने बिचारीने काहीच केलेलं नाही, जे केलं ते आम्ही केलं. माझ्याकडे ते सगळं साचून राहिलंय आणि आता डोकं तापलंय, म्हणून सांगते.

माणसं सहाच. मिलिंद, आयटी कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर. त्याची बायको केतकी, अकरा वर्षांची मुलगी इरा, आणि केतकीची आई कुसुमकाकू. काकू त्र्याहत्तर वर्षांच्या. पुण्याचं घर बंद करून लेकीकडे इथे सिंगापूरला, बेडोकमध्ये राहतात. बाकी मी आणि माझा नवरा नंदन, बँकेतला. सहा दिवस केनियातलं मसाई मारा, एक गाडी, एक ड्रायव्हर.

*

पहिली मीटिंग तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत झाली. मला वाटलं, स्वेटर किती घ्यायचे, लस कुठे टोचायची, असं काहीतरी बोलू. मिलिंदने लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट काढली. सहा दिवस, रोज दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत दर अर्ध्या तासाने कुणी कुठल्या सीटवर बसायचं, सगळं रंगवून तयार! मी हिरवी होते आणि काकू करड्या.

शेवटच्या रकान्यात 'टॉयलेट ब्रेक' होता. सकाळी सव्वासहा आणि मग एकदम साडेदहा.

मी म्हटलं, "मिलिंद, काकूंना चार तास कसं जमेल?"

"आई फेरीच्या आधी पाणी कमी पितील," तो म्हणाला.

काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी समोरचा चहाचा कप हळूच बाजूला सरकवला, जणू सफारी तिथूनच सुरू झाली होती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि मी नूडल्स खात बसले.

*

एवढ्यावर भागलं नाही. आयटीवाल्यांना ड्राय रनशिवाय झोप येत नाही. म्हणून एका रविवारी आम्ही बोटीने पुलाउ उबीन बेटावर गेलो. लोक तिथे सायकली चालवायला जातात. आम्ही एक व्हॅन ठरवली आणि सीटा बदलायची प्रॅक्टिस केली. मिलिंदच्या फोनचा गजर वाजला की सगळ्यांनी उठायचं आणि घड्याळाच्या दिशेने एक जागा सरकायचं.

व्हॅनवाले अंकल सत्तरीचे. दोनदा आरशात बघून त्यांनी इराला इंग्रजीत विचारलं, "सीट खराब आहे का?"

"नो लाह, अंकल," इरा म्हणाली. "माय डॅड इज खराब."

तिसऱ्या गजराला आम्ही सगळे अर्धवट उभे असताना उघड्या दारातून एक रानडुक्कर आत डोकावलं आणि बटाट्याच्या सँडविचची पिशवी घेऊन गेलं. सहा माणसांपैकी एकालाही त्याचा फोटो मिळाला नाही, कारण जो तो आपली सीट शोधत होता. मिलिंदने वहीत नोंद केली, 'दार बंद ठेवणे.'

*

मारामध्ये पहिल्याच पहाटे केतकीने कमाल केली. सिंगापूरमध्ये टेबल अडवायला आपण टिश्यूचं पाकीट ठेवतो ना, तसं तिने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि निवांत नाश्त्याला गेली.

आमचा ड्रायव्हर डॅनियल, तिशीतला, हसतमुख. त्याला वाटलं मॅडमनी गाडीसाठी दिलंय. आम्ही येईपर्यंत त्याने सगळे टिश्यू वापरून पुढची काच लख्ख पुसली होती. वर केतकीला म्हणाला, "थँक यू मॅडम, कुठलाच पाहुणा एवढा विचार करत नाही." आणि तोपर्यंत त्याने कुसुमकाकूंना हात धरून त्याच सीटवर बसवलं होतं. का, तर मागच्या सीटला धक्के फार बसतात आणि तिथे म्हाताऱ्या माणसाने बसू नये.

मी म्हटलं, चला, देवाने न्याय केला. पण अर्ध्या तासाने गजर वाजला आणि काकू चाकावरच्या सीटवर गेल्या. मी मिलिंदला म्हटलं, अरे, एकट्या काकूंना तरी पुढे राहू दे. तर म्हणतो कसा, "एकाला एक्सेप्शन दिलं की प्रोसेस कोसळते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासू आहे ती तुझी, सर्व्हर नाही.

*

सिंहाचं सांगते. दुसऱ्या दिवशी सिंह आणि त्याच्या दोन बायका गाडीच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर. माझ्या नवऱ्याने भाड्याने आणलेली लेन्स माझ्या दंडाएवढी जाड. आणि तो त्या वेळी डाव्या खिडकीत.

नंदन म्हणाला, "दोन मिनिटं इकडे येऊ दे रे."

मिलिंद म्हणाला, "तुझा उजवा स्लॉट साडेआठला."

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बँकेतला माणूस, तोही नियमाला पक्का. वीस मिनिटं डावीकडचं गवत बघत बसला. साडेआठला तो उजवीकडे आला तेव्हा सिंह उठून डावीकडे गेले होते. याचे आमच्याकडे शंभरेक फोटो आहेत, सगळे गवताचे. मला त्या सिंहापेक्षा नंदनचा जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

*

कुसुमकाकूंचं आणि डॅनियलचं मात्र गूळपीठ जमलं. काकूंचं इंग्रजी मोजकं. डब्यातून लाडू काढून "यू ईट. होम मेड." एवढंच. पण तेवढ्यावर त्यांनी दोन दिवसांत त्याची सगळी माहिती काढली. दोन मुली, गावाला, आजीकडे. हा कॅम्पात चार सीझन टेंपररी. या वर्षी पर्मनंट करणार होते, पाहुण्यांचे अभिप्रायाचे फॉर्म चांगले आले तर. पर्मनंट झाला की कॅम्पाजवळ राहायला खोली, आणि मुली जवळ. कॅम्पच्या मॅनेजरीणबाईही आम्हाला सांगून गेल्या होत्या की तुमचा फॉर्म थेट त्याच्या फाइलला लागतो.

डॅनियल काकूंना 'मामा' म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडे आई. मिलिंदने त्याला सांगितलं, "कॉल हर मॅडम." डॅनियल "येस सर" म्हणाला आणि पुन्हा मामाच म्हणाला.

एकदा त्याने वाटेत गाडी थांबवून शेणाचा गोळा ढकलणारा किडा दाखवला. काकू एवढ्या हरखल्या की खिडकीतून अर्ध्या बाहेर. तो किडा मागच्या पायांनी गोळा ढकलत होता, दर वेळी गोळा घरंगळत होता, आणि हा परत जात होता. काकू म्हणाल्या, "अगं, हा तर आमच्या ह्यांच्यासारखा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नवऱ्याबद्दल काही बोलताना ऐकलं.

मिलिंद छपराच्या खिडकीतून म्हणाला, "डॅनियल, हे आपल्या स्कोपमध्ये नाही. बिग फाइव्ह फक्त." हत्ती, गेंडा, रानम्हैस, सिंह झाले होते. बिबट्या राहिला होता.

*

आता टायरचं. शेवटची सकाळ, नऊ वाजलेले. वायरलेसवर खबर आली, बिबट्या झाडावर आहे, दहा मिनिटांच्या अंतरावर. सगळे उभे राहिले, छपरातून डोकी बाहेर, मिलिंद तर "गो गो गो" ओरडतोय. मी आणि काकू मागे बसून. तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

"मला जायला हवंय गं," त्या म्हणाल्या. "आता धरवत नाही."

मी उठायला लागले तर त्यांनी मला खाली ओढलं. "मिलिंदरावांना कळता कामा नये. जावयाच्या घरात राहते मी. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

सहा दिवस ती बाई सकाळचा चहा सोडून बसली होती, हे मला तेव्हा कळलं. मी पुढे सरकले आणि डॅनियलच्या कानात सांगितलं. त्याने मान वळवली नाही, काही विचारलं नाही. वायरलेस बंद केला, एका झुडपापाशी गाडी थांबवली आणि मोठ्याने म्हणाला, "सॉरी, टायरमध्ये प्रॉब्लेम आहे. जॅक लावायचाय. सगळे आत बसा, उजवीकडे बघा. मामा, तुम्ही डावीकडून उतरा, गाडीचं वजन कमी होईल. मॅडम, तुम्ही मामांचा हात धरा."

खाली उतरून त्याने आधी झुडूप नीट बघितलं, मग पाठ फिरवून उजवीकडे गेला आणि पाना आपटत बसला.

मिलिंद आयटीत असला तरी शिकलाय इंजिनिअर, तोही मेकॅनिकल. पंचेचाळीस किलोची बाई उतरल्यावर जॅक लावायला सोपं जातं, यावर त्याने सात मिनिटं विश्वास ठेवला!

आम्ही पोचलो तेव्हा झाड होतं. बिबट्या नव्हता. दुसऱ्या गाडीतल्यांनी सांगितलं, आत्ताच उतरून गवतात गेला, तीन मिनिटं झाली असतील.

मिलिंद डॅनियलला काय काय बोलला ते मी सांगत नाही. गाडी रोज तपासता की नाही, आम्ही कुठून आलोय याची कल्पना आहे का. डॅनियल प्रत्येक वाक्याला "सॉरी सर" म्हणत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी डोळ्यांनी बघितली. आणि मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार, कारण गळ्याची शपथ. काकू खाली बघत होत्या.

*

आणि हा शेवटचा. परत आल्यावर दुसऱ्या रविवारी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये नाश्त्याला जमलो. कॅम्पचा फॉर्म ईमेलवर आला होता. मिलिंदने प्लेटा सरकवून लॅपटॉप उघडला. जेवण, चांगलं. तंबू, चांगला. मग ड्रायव्हर. खाली दोन चौकटी होत्या, 'काय राहून गेलं' आणि 'कारण'.

पहिल्या चौकटीत मिलिंदने लिहिलं, बिबट्या. दुसरीत लिहायला लागला आणि मोठ्याने वाचायला लागला. गाडीची निगा नाही. ड्रायव्हर निष्काळजी. शिफारस करता येत नाही.

नंदन म्हणाला, "निघायच्या आधी चेक केली नव्हती, तेही घाल."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. मला वाटलं, आता शपथ मोडायची, काकू काही मरत नाहीत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुसुमकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मिलिंदराव, ते खोडा."

"का हो आई?"

"टायर चांगला होता. मला लघवीला लागली होती. हिने त्याला सांगितलं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून त्याने टायरचं निमित्त केलं."

इराच्या तोंडात टोस्ट तसाच राहिला. केतकी इकडेतिकडे बघून म्हणाली, "आई, हळू बोल."

"सहा दिवस हळूच होते," काकू म्हणाल्या.

मिलिंदने कर्सर मागे नेला आणि लिहिलेलं पुसलं. मग म्हणाला, "ठीक आहे आई. मी 'काही वैयक्तिक कारणामुळे' असं टाकतो."

"नाही. तसं टाकलंत तर त्यांना वाटेल त्या पोराचंच काही वैयक्तिक होतं." काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा लावून स्क्रीनजवळ तोंड नेलं. "लिहा. कारण : कुसुम वामन लिमये, वय त्र्याहत्तर, लघवीला लागली होती. पूर्ण नाव घाला. आणि ते पाठवायचं बटण दाबेपर्यंत मी इथून उठणार नाही."