दंडातलं कडं

बाज्याला बायकोची तब्येत तिच्या दंडातल्या चांदीच्या कड्यावरून कळायची. ऊसतोडीहून परतताना ते सैल झालं, की रूपलीबाई खंगली. घट्ट बसलं, की सगळं ठीक. हल्ली तिला चक्कर यायची, पण कडं घट्ट होतं, म्हणून तो निर्धास्त होता.

पाड्यावर आलेल्या जागृती सिस्टरने ब्लडप्रेशर मोजायला कडं काढायला सांगितलं. लग्नात बाज्यानेच ते चढवलं होतं. आता त्यानेच तेल लावून उतरवलं. त्या जागी पट्टा बांधून सिस्टरने मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं.

"वाढलंय, बाबा. हे बाहेरून दिसत नाही. वरचा आकडा काळीज रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते विसावतं तेव्हाचा. उद्या डॉक्टरांना दाखवू."

"काळीज विसावतं?"

"दर ठोक्यानंतर, जरासं."

बाज्या रूपलीबाईकडे बघत राहिला. तेवढंही विसावलेलं त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. ती चुलीकडे जायला उठली.

"बस," तो म्हणाला, "भाकरी मी टाकतो."

भाकरी तव्यावर फाटली. रूपलीबाईने ते पाहिलं, पण ती उठली नाही.