चाकोल्यांवर भाजलेले रोडगे

सासुरवाडीला जावयाने कुठल्याही कामाला हात लावू नये, ही प्रथा ज्याने पाडली त्याला माझ्यासारखाच एखादा जावई मिळालेला असणार.

माझी सासुरवाडी वाशीम जिल्ह्यात, किन्हीराजाजवळच्या एका लहानशा गावात. यंदा होळीला जोडून चार दिवस सुट्टी मिळाली, म्हणून आम्ही नवरा-बायको पुण्याहून तिथे गेलो. बेत एकच, स्वस्थ पडून राहायचं. पहिल्या दिवशी मी इतका स्वस्थ पडलो की दुसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटू लागली. सासूबाई पहाटेपासून शेण-पाणी, झाडलोट, वैरण करत होत्या आणि मी बाजेवर लोळत त्यांना चहाचं विचारत होतो (म्हणजे, आणखी मिळेल का, असं).

"आई, आज रोडगे मी करतो," मी जाहीर केलं.

रोडगे म्हणजे कणकेचे घट्ट गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. मोबाइलवर मी त्याचा व्हिडिओ पाहिला होता, त्यामुळे मला सगळं येत होतं.

"तुमी कायले तरास घेता जवाईबुवा," सासूबाई म्हणाल्या.

"करू दे वं माय," माझी बायको वैशाली म्हणाली. "घरी चहाचा कपबी उचलत नाईत. पाहू तं दे मले."

"गोवऱ्या गोठ्यामांगं हायेत," वावरात जाता जाता सासूबाईंनी सांगितलं. "काढतानी विंचू पाहून घेजा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. गोठ्यामागचा ढीग मी लांबूनच पाहिला आणि परत फिरलो. तेवढ्यात घराच्या स्लॅबवर वाळत घातलेल्या दुसऱ्या गोवऱ्या दिसल्या. लहान, गोल, एकसारख्या, आणि प्रत्येकीला मधोमध भोक. मी थक्क झालो. हवा खेळावी, आच सगळीकडे सारखी लागावी म्हणून पाडलेलं ते भोक! एवढा विचार आमच्या पुण्यात कोण करतो? मी टोपलं भरून सगळ्या खाली आणल्या आणि अंगणात पेटवल्या. जाळ खरोखरच छान लागला, हे मी आजही सांगतो.

रोडगे झकास झाले. माझ्या मेहुण्याची मुलगी गौरी शाळेतून आली. वय वर्षं नऊ. आत्याचा नवरा म्हणून मला मामाजी म्हणते. तिनेही दोन रोडगे खाल्ले, "लय मस्त झाले मामाजी," म्हणाली आणि हात धुऊन स्लॅबवर गेली.

मग ती हळूहळू जिना उतरून आली आणि अंगणातल्या राखेकडे बघत उभी राहिली.

"मामाजी, माया चाकोल्या कोनं नेल्या?"

"चाकोल्या म्हणजे?"

"शेनाच्या. भोक पाडलेल्या. माळ करून होळीत टाकाच्या."

हातातला रोडगा मी न चावताच गिळला. गेल्या होळीला शेजारच्या आरतीची माळ गौरीच्या माळेपेक्षा लांब झाली होती आणि आरतीने ते वर्षभर ऐकवलं होतं. यंदा तिला हरवायचं म्हणून गौरी पंधरा दिवस शेण थापत होती. तिचा तो विजय मी तुपात बुडवून खाल्ला होता.

"आजी, मामाजीनं माया चाकोल्या जाळल्या!"

"जवाईबुवाले काई बोलू नको," वावरातून आलेल्या सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "पाव्हने हायेत ते."

"पाव्हने हायेत म्हून जाळाच्या का?"

गौरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला फार वाईट वाटलं. "मी नव्या करून देतो. आरतीपेक्षा लांब माळ," मी शब्द दिला. होळी परवावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात शेणाचं टोपलं घेऊन बसलो. माझ्या चाकोल्या भाकरीएवढ्या आणि पायरीच्या दगडाएवढ्या जाड होत होत्या.

"मामाजी, पातळ करा. वाळनार नाईत," गौरी बजावत होती.

"काय करून राह्यले जवाईबुवा?" येणारा-जाणारा विचारी.

"आराम," वैशाली आतून उत्तर देई.

चाकोल्या काही वाळेनात. ऊन झालं, पंखा झाला. मग मी वैशालीचं केस वाळवायचं मशीन लावलं (ते तिने नंतर मला कायमचं देऊन टाकलं). शेवटी त्या भाकरीच्या तव्यावर शेकायला घेतल्या. सासूबाईंनी दारातून पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "नवा तवा घेऊ."

होळीच्या संध्याकाळी माळ ओवून झाली. आरतीच्या माळेपेक्षा हातभर लांब! वरून कोरडी, आतून ओलीगच्च. मी आणि गौरीने दोन टोकं धरून ती चौकापर्यंत नेली, तोवर होळी पेटवून झाली होती. तुरीच्या वाळक्या तुराट्यांनी नुकता कुठे जाळ धरला होता. आम्ही झोका देऊन माळ वर फेकली. वजनाने अख्खी होळी खाली बसली, फुस्स झालं आणि विझली.

मग धूर निघाला. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सगळी खोकायला लागली. पण मी पडलो जावई. "होते असं कदी कदी," एक आजोबा डोळे पुसत म्हणाले. गौरी मात्र खुश होती. "मामाजी, आरतीची माळ तं कोनाले दिसूनच नाई राह्यली," ती माझ्या कानात म्हणाली.

आणि मग तिने तोंडावर हात उलटा धरून माझ्या नावाने पहिली बोंब ठोकली. होळीच्या दिवशी बोंब मारली तर पाहुण्याचा अपमान होत नाही, हे सगळ्यांना एकदम आठवलं. अख्खा चौक माझ्या नावाने बोंबलू लागला, वैशालीसकट. आवाज सगळ्यात मोठा होता तो सासूबाईंचा.