कडप्प्यावरचा फेस

मंजुषा चीज करायला शिकली ती सासूबाईंसाठी. वेणूबाईंचे दात गेले होते आणि दुधात कुस्करलेली भाकरी खाऊन त्यांना वीट आला होता. एकदा सुनेनं मऊ, किंचित आंबट चीज करून, वर जिरेपूड घालून पुढं ठेवलं. म्हातारीनं वाटी पुसून खाल्लं. तेव्हापासून त्यांच्या कळंबोलीच्या घरात दर रविवारी व्हिनेगरनं दूध फाडून फडक्यात टांगायचं ठरूनच गेलं. गाळलेलं पाणी खालच्या मजल्यावरची प्रियदर्शिनी कणीक मळायला न्यायची.

त्या रविवारी दूध नेहमीपेक्षा पटकन फाटलं. मंजुषाला बरंच वाटलं. पुरचुंडी नळाला टांगून, पाणी प्रियदर्शिनीला देऊन ती ओटा आवरायला लागली. व्हिनेगरची बाटली उचलताना दोन थेंब ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर पडले आणि चरचरून फेस आला. एरवी व्हिनेगर सांडलं तर फार तर फिकट डाग राहायचा. सर्दीनं नाक बंद, त्यामुळं वासाचा भरवसा नव्हता. बाटलीवरचा कागद मात्र व्हिनेगरचाच होता.

तिनं नवऱ्याला फोन लावला. रणजीत जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर घेऊन रांगेत थांबला होता. त्यानं सांगितलं, बाथरूमच्या लाद्यांवरचे पांढरे थर काढायला कुणाकडून तरी ॲसिड आणलं होतं आणि व्हिनेगरच्या रिकाम्या बाटलीत ओतून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलं होतं.

"मोरीत व्हिनेगर कशाला, म्हणून मीच उचलून आत आणली," वेणूबाई हळूच म्हणाल्या.

मंजुषा तशीच जिना उतरली. प्रियदर्शिनीच्या तव्यावर पहिली पोळी फुगत होती, मुलगी ताट घेऊन बसली होती.

"कुणी खाल्लं नाही ना? सगळी कणीक टाकून दे. त्या पाण्यात ॲसिड गेलंय, माझ्याच घरातून."

प्रियदर्शिनीनं गॅस बंद केला. मुलीच्या हातातलं ताट काढून घेतलं.

वर येऊन मंजुषानं पुरचुंडी फडक्यासकट फेकली. पातेलं पुन्हा पुन्हा धुतलं, तरी दुधासाठी ते परत वापरायला तिचं मन होईना. रात्री रणजीत आला तो मान खाली घालूनच. ती त्याला एवढंच म्हणाली, की धुण्यापुसण्याचं काहीही खाण्याच्या बाटलीत भरायचं नाही, आणि ते सगळं गॅलरीतल्या कपाटात कुलपात राहील. वेणूबाईंनी त्या कपाटाची किल्ली आपल्या कमरेला लावली.

पुढं प्रियदर्शिनी पाणी न्यायला आली नाही. मंजुषानं विचारलंही नाही. तिच्या जागी आपणही गेलो नसतो, असं तिला वाटे. मग एका सकाळी दार वाजलं. प्रियदर्शिनी दुधाची पिशवी आणि दोन लिंबं घेऊन उभी होती.

"माझ्या घरी येऊन शिकवशील? माझ्या भांड्यात, माझ्या ओट्यावर."

मंजुषा हात धुऊन तिच्यासोबत खाली गेली.