बोईसर ब्रँच

नव्वदच्या दशकाच्या मधली काही वर्षं मी बोईसरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो. कंपनी मुंबईची. विरारच्या पुढे तिचा माणूस म्हणजे मी एकटा. आमचा सेल्समन टाय लावून तारापूरच्या कारखान्यांमधून फिरायचा आणि सांगायचा, "आमचं बोईसरला ब्रँच ऑफिस आहे. सकाळी फोन करा, दुपारी इंजिनियर दारात." हे ब्रँच ऑफिस म्हणजे मी आणि माझी रेक्झिनची बॅग. बॅगेत स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, स्पिरिटची बाटली आणि शाळेतल्या मुलांचं असतं तसलं एक खोडरबर.

खोडरबर सगळ्यात जास्त लागायचं. तिथल्या हवेत काय काय मिसळलेलं असायचं कोण जाणे, पण चांदीचे पैंजण महिन्याभरात काळे पडायचे. कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डांच्या पितळी कडाही तशाच काळवंडायच्या आणि मशीन मुकं व्हायचं. मी झाकण उघडून कार्ड काढायचो, कडा खोडरबराने घासायचो, पुन्हा बसवायचो. पडदा उजळायचा. पण गिऱ्हाईक खूश होत नसे. "एवढंच होतं?" असं म्हणून ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचं, जणू मीच मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवून गेलो होतो. आणि घासूनही चालू झालं नाही, तर मग बोलायलाच नको.

माझी खोली पाम गावाच्या रस्त्याला होती. शेजारी एक मावशी आणि त्यांचे यजमान राहायचे. माणसं मूळची जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची. काका तिथल्या होड्यांची मासळी घेऊन ट्रकने मुंबईच्या बाजारात पाठवायचे. बर्फ सांगायला, ट्रक बोलवायला फोन लागतो म्हणून त्यांनी घरी फोन घेतला होता. त्या काळात फोनचा अर्ज केला की माणूस त्याबद्दल विसरून जाईपर्यंत थांबावं लागायचं. माझाही अर्ज तसाच पडून होता. म्हणून मी मावशींना विचारलं, "हेड ऑफिसचा कधीमधी फोन आला, तर मला हाक माराल का?"

"मारीन की. त्यात काय?" मावशी म्हणाल्या.

मी तो नंबर हेड ऑफिसला कळवला. सेल्समनने तो नवीन कार्डांवर छापून घेतला. वर ठळक अक्षरांत 'बोईसर ब्रँच', खाली 'पाम रोड' एवढाच पत्ता. हे मला कळलं, तोवर ती कार्डं निम्म्या औद्योगिक वसाहतीत पोचली होती.

मावशी सकाळी अंगणात बोंबील वाळत घालत असायच्या. फोन वाजला की ओले हात पदराला पुसत आत जायच्या. पलीकडून हिंदीत कोणीतरी ओरडायचं, "इंजिनियर को भेजो! मशीन बंद है!" मावशी म्हणायच्या, "तो घरात नाय. कोन बोलतंय?" पलीकडचा माणूस पुन्हा तेच ओरडायचा. त्याला वाटायचं, ऑफिसातली बाई टाळाटाळ करतेय. संध्याकाळी मी सायकल लावली की मावशी दारातूनच सांगायच्या, "तुजे चार फोन आले. एकाचा पडदा काला झाला हाय, एकाचा उंदीर हाय."

"उंदीर?"

"तारेवाला उंदीर. हालत नाय बोलतो."

तो माउस असायचा. आतल्या गोळीला रव्याएवढा मळ चिकटलेला असायचा, तेवढ्यासाठी मी दुसऱ्या दिवशी उन्हात सायकल मारत जायचो.

मला काही यंत्रांचा राग यायचा नाही. यंत्र बिचारं जे बिघडलंय तेच दाखवतं. माणसांनी मात्र मला पार दमवलं होतं. कीबोर्डमध्ये चहा सांडलेला असायचा आणि सगळं ऑफिस शपथेवर सांगायचं की इथे कोणी चहा पीतच नाही. अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये पिन खुपसलेली असायची. मी ते दाखवलं की त्यांचा इलेक्ट्रिशियन म्हणायचा, कॉम्प्युटरवाल्यांना दुसरं काही सुचत नाही. आणि सुटा भाग हवा असला की मुंबईला फोन लावायचा. मुंबईत सर्व्हिस डेस्कवर एक बाई होत्या. त्यांचं एकच वाक्य होतं: "कॉल रजिस्टर झालाय." इतकं गोड बोलायच्या, की फोन ठेवल्यावर लक्षात यायचं, आपल्याला काहीच मिळालेलं नाही.

एका वर्षी पावसाळा संपताना कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यातला प्रिंटर बिघडला. छापायच्या डोक्यातली, म्हणजे हेडमधली, मधली पिन तुटली होती. त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या मधोमध एक पांढरी रेघ यायची. अक्षरं कशीबशी वाचता यायची, पण इंग्रजी आठ या आकड्याची कंबर नाहीशी होऊन त्याचा शून्य दिसायचा. मालाच्या चलनावर शून्य बघून ट्रकवाले माल उचलेनात. तिथल्या डिस्पॅचमधली मुलगी दिवसभर बॉलपेनने आठ दुरुस्त करत बसायची. तिथल्या अकाउंट्सच्या साहेबांनी मला बोलावलं. मी पाहिलं आणि म्हणालो, "हेड बदलावं लागेल."

"मग बदला."

"माझ्याकडे नाहीये. मुंबईहून येईल."

"कधी?"

मी मुंबईला फोन केला. कॉल रजिस्टर झाला.

त्यानंतर साहेबांनी रोज फोन करायला सुरुवात केली. आधी सकाळी एकदा, मग सकाळ-संध्याकाळ, मग मनात येईल तेव्हा. फोनवर ते हिंदीतच बोलायचे. बोईसरमध्ये अनोळखी माणसाशी सगळे हिंदीतच सुरू करायचे. मावशी सुरुवातीला ऐकून घ्यायच्या. मग एके दिवशी त्यांनी साहेबांना सुनावलं, "ओ दादा, मी काय तुमचा प्रिंटर खाल्ला काय?" आणि फोन ठेवला. साहेबांनी लगेच मुंबईला तक्रार केली की बोईसर ब्रँचमधली बाई उद्धट आहे. तिकडून मला पत्र आलं, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी सौजन्याने वागावं. मी ते मावशींना वाचून दाखवलं नाही.

मग एक दिवस काका दुपारीच घरी आले. एरवी ते अंधार पडल्याशिवाय यायचे नाहीत. ते पायरीवर बसले आणि चपला काढल्या. नवापूरला होड्यांना भरपूर घोळ मासळी लागली होती. बर्फाची गाडी कासा गावाजवळ बंद पडली. गाडीवाल्याने काकांच्या घरी फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी लाइन बिझी. मावशी पलीकडच्या माणसाला सांगत होत्या की इंजिनियर नाही, आणि तो ठेवायला तयार नव्हता. बर्फ पोचेपर्यंत मासळी नरमली. बाजारात पाठवण्यासारखी राहिली नाही, तिथेच येईल त्या भावाला द्यावी लागली.

मी संध्याकाळी आलो तेव्हा काकांनी मला हाक मारली. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी मला चहा दिला.

"पोरा," ते म्हणाले, "तुजा राग नाय. पन आता नको. आमी दमलो."

मी मान हलवली. सकाळी पहिली शटल पकडून मुंबईला गेलो. ठरवलं होतं, एक तर प्रिंटरचं हेड घेऊन यायचं, नाहीतर राजीनामा देऊन.

सर्व्हिस डेस्कच्या बाईंना त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. जिन्याखालच्या खोलीत त्या एकट्याच बसल्या होत्या. समोर तीन फोन, मागे रिकामे रॅक. आवाजावरून मला त्या तरुण वाटल्या होत्या, केस मात्र बरेच पांढरे होते. मी माझं नाव सांगितलं तशा त्या हसल्या. "बोईसर ना? तुमच्याकडची ती बाई फार चांगली आहे हो. मी फोन केला की आधी विचारते, जेवलात का."

मी भांडायला आलो होतो. पण नुसतंच विचारलं, "हेड आहे का?"

त्यांनी मागच्या रॅककडे हात केला. "बघा ना तुम्हीच. सगळे सुटे भाग बाहेरून यायचे आहेत. अडकलेत. वरून सांगतात, नाही असं ग्राहकाला म्हणायचं नाही. मग मी काय म्हणू?"

वरच्या मजल्यावर आमचे सर्व्हिस मॅनेजर होते. त्यांना मी काकांच्या मासळीचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, ड्रॉवर उघडला आणि माझ्या हातात एक काळी डबी ठेवली. पेजर. मुंबईत तेव्हा नुकतेच आले होते. "घ्या," ते म्हणाले, "आता कुणाच्या फोनची गरज नाही. ग्राहक निरोप देईल, तो इथे उमटेल."

राजीनाम्याचा कागद माझ्या खिशातच राहिला. नवीन वस्तू हातात आली की माणूस थोडा वेळ तरी विरघळतोच. परत येताना मी तो पेजर सारखा काढून बघत होतो. बोरिवलीला एक निरोप आला, चाचणीचा. विरारला एक आला. वैतरणेच्या खाडीवरून गाडी निघाली आणि पेजरच्या कोपऱ्यातली सिग्नलची छोटी खूण विझली. सफाळे गेलं, पालघर गेलं. मी तो खिडकीबाहेर धरून पाहिला, डोक्यावर धरून पाहिला. समोरच्या बाकावरची भाजीवाली म्हणाली, "घड्याल बंद पडलं काय?"

"हो," मी म्हणालो.

बोईसरला उतरून घरी पोचलो, तर मावशींच्या अंगणात एक अनोळखी स्कूटर उभी. आणि ओट्यावरच्या खुर्चीत, वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांच्या मागे, रंगाच्या कारखान्यातले अकाउंट्सचे साहेब बसलेले. हातात पाण्याचा पेला.

झालं होतं असं, की मी दिवसभर कुठेच सापडेना म्हणून साहेब चिडून कार्डावरचा पत्ता शोधत निघाले. ब्रँच ऑफिसात जाऊन मॅनेजरची कॉलर धरायची, असं ठरवूनच. पामच्या रस्त्यावर दोन-तीनदा पुढे-मागे केलं. शेवटी पानवाल्याने हे घर दाखवलं. मावशी दारात मासळीला मीठ लावत बसल्या होत्या.

"बोईसर ब्रँच?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

आवाजावरून मावशींनी ओळखलं. "तुमीच काय ते प्रिंटरवाले? या, बसा."

हे सगळं मला नंतर मावशींनीच सांगितलं. साहेब उभेच होते म्हणे. मग त्यांना दारातून आतला फोन दिसला, वर क्रोशाचं झाकण घातलेला. शेजारी बर्फाच्या कारखान्याचं कॅलेंडर. तेव्हा ते खुर्चीत बसले.

मला पाहून ते उठले. मराठीत म्हणाले, "हे काय आहे? हे ऑफिस आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. कार्डाचं, नंबराचं, बर्फाच्या गाडीचं. हेड मुंबईत नाही, कधी येईल ते कोणालाच माहीत नाही, हेही सांगितलं. ग्राहकाला 'नाही' म्हणायची मला परवानगी नव्हती, पण त्या संध्याकाळी मला कशाचीच परवा उरली नव्हती.

साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला. मग मावशींकडे वळून म्हणाले, "मला माहीत नव्हतं हो. मी तुम्हाला फार बोललो."

"बोललात खरे," मावशी म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "तुमी मराठी हाय, मंग फोनवर हिंदी कशाला?"

"मी नागपूरचा. इथे सगळ्यांशी तसंच बोलायची सवय झाली."

जाताना साहेब मला फाटकापर्यंत घेऊन गेले. "मलाही रोज वरून फोन येतात," एवढंच म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन बंद झाला. बाकीच्यांसाठी मी स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथवाल्याशी बोलून ठेवलं. तो निरोप घ्यायचा, मी सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे डोकावायचो. घरोघर, म्हणजे कारखानोकारखानी जाऊन मी कार्डांवरचा जुना नंबर पेनने खोडला. मावशींच्या घरचा फोन पुन्हा बर्फाचा आणि ट्रकचा झाला. काका माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे. तरी त्या घरात फोन वाजला की कितीतरी दिवस मी माझ्या खोलीत दचकून उठायचो.

पेजर मी मुंबईला परत पाठवला. मॅनेजरनी कळवलं की यंत्रात काही दोष नाही, वापरणाऱ्याला नीट वापरता आलं नाही.

हेड दिवाळीनंतर आलं. थर्माकोलमध्ये गुंडाळलेलं, माझ्या मुठीत मावेल एवढं. मी ते बॅगेत घालून रंगाच्या कारखान्यात गेलो. जुनं काढलं, नवं बसवलं, केबल लावली, चाचणीचा कागद सोडला. प्रिंटर करकरला. डिस्पॅचमधल्या मुलीने कागद उचलून उजेडात धरला आणि आठांवरून बोट फिरवलं. "आले," ती म्हणाली. मग तिने कानामागचं बॉलपेन काढून टेबलावर टाकलं.

साहेबांनी स्वतः येऊन पाहिलं. चहा मागवला. सगळं ठीक झालंय म्हणून मी बॅगेची चेन लावायला घेतली.

"आलाच आहात तर," ते जरा संकोचून म्हणाले, "माझ्या केबिनमधला पडदा बघता का? सकाळपासून थरथरतोय."

मी चेन पुन्हा उघडली, खोडरबर काढलं आणि त्यांच्या मागे केबिनमध्ये गेलो.