ध्रुवाकडचे सर

उत्तर ध्रुवाजवळच्या माणसांची काळजी करण्यात सगळं आयुष्य घालवलेला, आणि स्वतः मात्र महाबळेश्वरच्या पलीकडे थंडी न पाहिलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि तो भूगावात आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्यांना सगळे सर म्हणतात. बार्शीकडच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. मुलाला हिंजवडीत नोकरी लागली, त्यानं इथं घर घेतलं, तेव्हा सर आणि काकू इकडे आले. ध्रुवप्रदेशातल्या लोकांवर त्यांच्या पुस्तकात जेमतेम दीड पानाचा धडा होता. एका वर्षी मार्चच्या रणरणत्या उन्हात तो शिकवताना एका मुलीनं विचारलं, "सर, तितं समदा बर्फच हाय, मग मेल्यालं मानूस पुरत्यात कुटं?" दुसरे कुणी मास्तर असते तर "खाली बस" म्हणाले असते. सर त्या संध्याकाळी वाचनालयात गेले आणि, काकू म्हणायच्या तसं, परत आलेच नाहीत. उत्तर सापडलं, की जमीन खणता येत नाही म्हणून अंगावर दगड रचून ठेवतात. पण त्या दगडांच्या शोधात सरांना ती सगळी माणसंच भेटली आणि मग सुटली नाहीत.

त्यांच्यासमोर 'एस्किमो' म्हणायची सोय नाही. "इनुइट म्हणा. इनुइट म्हणजे माणसं. एकच असेल तर इनुक," हे त्यांनी मला सांगितलं, माझ्या सासूबाईंना सांगितलं आणि फ्रिजमध्ये गॅस भरायला आलेल्या माणसालाही सांगितलं. त्या बिचाऱ्याला पुढच्या घरी जायची घाई होती, तरी सीलच्या चरबीवर जळणारा दिवा तिकडच्या बायका कशा जपायच्या हे ऐकत तो हातात पाना घेऊन वीस मिनिटं उभा राहिला. स्वतः सर असे शाकाहारी, की केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारतात. पण ताज्या सीलचं कच्चं काळीज शेजारीपाजारी कसं वाटून खातात हे सांगताना त्यांचा चेहरा पुरणपोळीची आठवण काढावी तसा होतो. सोसायटीत पार्किंगवरून दोन गृहस्थांचं जुंपलं, तेव्हा सरांनी भर सभेत ग्रीनलंडचा तोडगा सुचवला. तिथं म्हणे भांडणारे दोघं सगळ्यांपुढे उभे राहून एकमेकांची टर उडवणारी गाणी म्हणत आणि ज्याच्यावर लोक जास्त हसत तो हरला. आमच्याकडच्या एकानं खरोखरच दुसऱ्याच्या गाडीवर चार ओळी जुळवल्या, दुसऱ्यानं पहिल्याच्या टकलावर सहा. सभा हसून हसून लोळली. शेवटी दोघांची दिलजमाई झाली ती सरांविरुद्ध तक्रार-अर्ज लिहिण्यापुरती.

एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. फाटकावरचा नवा वॉचमन प्रत्येकाला फ्लॅटच्या नंबरानं ओळखायचा. "चार सौ दो आ गये," असं त्यानं फोनवर सांगितलेलं ऐकून सर जागच्या जागी थबकले. कॅनडातल्या साहेबलोकांना इनुइटांची नावं उच्चारता येईनात, लिहिता येईनात, म्हणून त्यांनी एके काळी प्रत्येकाला नंबराचा बिल्ला दिला होता, गळ्यात अडकवायचा. पोरांना आईबापांपासून उचलून लांबच्या शाळेत नेलं आणि त्यांची भाषा मोडून टाकली ती वेगळीच. "माणसाचं नाव काढून घेतलं की उरतं काय हो ताई?" सरांनी मला विचारलं. मी तेव्हा लिफ्टची वाट बघत होते आणि ऑफिसची कॅब खाली उभी होती. काहीतरी हं-हं करून मी निघून गेले.

काकूंना या बर्फाचं काडीचं कौतुक नव्हतं. सरांचं बोलणं लांबलं की त्या शांतपणे आत जाऊन कणीक भिजवायला घ्यायच्या. मला शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या, बोलायच्या कमी, हसायच्या त्याहून कमी. दोन वर्षांपूर्वी श्रावणात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. सुनेला तेव्हा सातवा महिना होता.

तेराव्यानंतर मी एकदा डबा द्यायला वर गेले तर सर एकटेच बसले होते. मी काही न विचारताच ते बोलायला लागले. तिकडे माणूस गेलं की काही ठिकाणी त्याचं नाव कुणी घेत नाही, नवं बाळ जन्माला येईपर्यंत. मग ते नाव त्या बाळाला देतात. आणि ते नुसतं नाव नसतं, गेलेलं माणूसच त्याबरोबर येतं. आजी स्वतःच्या नातीला 'आई' म्हणते, म्हातारा एखाद्या पोराला 'दादा' म्हणतो. अशा बाळाला कुणी रागावत नाही. "आमच्या हिचं नाव इंदुमती," सर म्हणाले. "बेचाळीस वर्षांत मी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही. अगं, ऐकलंस का, एवढंच. आता ते नाव कुठं हिंडत असेल?"

"सुनेला सांगा की," मी म्हटलं.

"छे छे. बाळ तिचं आहे. मी मागितलं तर तिला नाही म्हणता येणार नाही. असं घेतलेलं नाव काय कामाचं? तुम्हीही बोलायचं नाही हं ताई."

मला राहवलं नाही. सुनेशी गप्पा मारताना मी आडून आडून विषय काढला. मुलगी गुणी आहे, काकूंवर तिचा जीव होता. ती हसत हसत म्हणाली, "अहो ताई, आईंचं नाव ठेवलं तर मी तिच्यावर ओरडू कशी?" मीही हसले. त्याच वेळी सरळ सांगून टाकायला हवं होतं, हे मला आज कळतं. पुढे तिला मुलगीच झाली. बारशाला आत्या पाळण्यावर वाकली, तसे सर खुर्चीतून पुढे झुकले, कानाशी हात नेला. आत्यानं 'मायरा' म्हणून सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे बसले, हशा झाला. सर सावकाश मागे टेकले. मग उठून सगळ्यांना स्वतःच्या हातानं पेढे वाटत फिरले, आणि नातीला घेऊन इतकं कौतुक केलं की कुणाला काही कळलंसुद्धा नाही. मला कळलं.

दिवाळीनंतर आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर कोकणात उतरणाऱ्या एका धनगराची मेंढरं बसली. सरांना जनावरांमागे मुलुख तुडवणारी माणसं पुस्तकाबाहेर प्रथमच निवांत भेटत होती. ते रोज दुपारी तिथं जाऊन बसू लागले. मेंढरू कापलं तर वाटे कसे करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा धनगरीण म्हणाली, "आदी देवाला, मंग पावन्याला, ऱ्हायलं तर आमाला." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. बाईच्या झोळीत महिन्याभराची मुलगी होती. तिच्यासाठी घरातली दुपटी घेऊन मी सरांबरोबर गेले, त्या दिवशी मी सहज विचारलं, की नाव काय ठेवलंय.

"न्हाई ठिवलं अजून. मास्तर, तुमीच सांगा की येखादं."

सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "एक आहे. पण माझ्या बायकोचं आहे. ती वारली. चालेल का?"

बाईनं झोळीला झोका दिला. "चांगली व्हती का बाई?"

"हो. फार."

"मंग चालंल की."

घरी येताना सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे महिनाभर मात्र त्यांनी प्लॉटवर धमाल उडवून दिली. इनुइटांचा हिशेब असा, की नाव आलं म्हणजे नातं आलं. तेव्हा झोळीतली मुलगी ही त्यांची पत्नी आणि ती बाविशीतली धनगरीण त्यांची सासू. सरांनी हे तिला नीट समजावून सांगितलं. ती पदर तोंडात कोंबून हसली, नवऱ्याला हाका मारून बोलावलं, आणि त्या दिवसापासून पंचाहत्तरीचे सर तिथले जावई झाले. "या जावईबापू, च्या घ्या," म्हणून जर्मनची वाटी पुढे यायची. सरही जाताना सासूसाठी नारळ न्यायचे, खणाचं कापड न्यायचे. झोळीजवळ बसून ते त्या बाळाशी हळू आवाजात काय बोलायचे ते मी कधी ऐकायला गेले नाही. पौष लागला आणि एका सकाळी प्लॉट रिकामा होता.

गेल्या वर्षी दिवाळी झाली तशी सरांनी रस्त्यावर उभं राहायला सुरुवात केली. प्लॉटला बिल्डरनं पत्रे ठोकले होते, आत पाया खणला होता, त्यामुळे मेंढरं इथं थांबणार नव्हती हे त्यांना माहीत होतं. तरी नातीचा एक लहान झालेला स्वेटर सुनेकडून मागून घेऊन ते रोज सकाळी पौड रस्त्याच्या वळणावर जायचे. एका रविवारी मीही बरोबर होते आणि मेंढरं आली. गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. मागून घोड्यावर भांडी, कोंबड्या, कोकरू आणि सगळ्यांच्या वर बसलेली इंदुमती. सरांच्या सासूबाईंनी घोडा रस्त्याच्या कडेला घेतला. सर स्वेटर हातात धरून घोड्याजवळ गेले.

पोरीनं कोंबडीची दोरी ओढायला घेतली, तशी आईनं तिला एक चापट दिली. "इंदे, गप बस! सारखी मेली वढती."

"रागवू नका हो तिला," सर कळवळून म्हणाले.

"का म्हून? तुमच्या बाईला कदी कुनी रागावलं न्हाई व्हय?"

"मी रागवायचो," सर म्हणाले. "रोज. चहा गार झाला म्हणून, चष्मा सापडत नाही म्हणून. चार माणसांत बोलायचो. तापात होती ना, जायच्या आदल्या दिवशीसुद्धा ओरडलो, उठून पाणी का घेत नाहीस म्हणून."

इतकी वर्षं त्यांच्या खाली राहून मला हे ठाऊक नव्हतं. काकू आत का निघून जायच्या, हे मला तिथं रस्त्यावर समजलं. मागे एक टेम्पोवाला शिव्या देत होता. त्या बाईनं पोरीला घोड्यावरून उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"घ्या. काढा समजूत."

पोर त्यांना ओळखत नव्हती. तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जो गळा काढला, की पुढच्या मेंढरांनी माना वळवल्या. सर तिला छातीशी धरून, रडणाऱ्या त्या वीतभर तोंडाला "चुकलं, इंदू, चुकलं माझं," असं पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ती दोन्ही हात आईकडे पसरून आणखीच मोठ्यानं रडत होती. पुढून नवऱ्यानं शीळ घातली. आईनं पोरीला परत घेतलं, स्वेटर खांद्यावर टाकला.

"बारकी हाय, जावईबापू," ती म्हणाली. "फुडल्या साली वळखंल."

सर सत्त्याहत्तरीला आलेत. ते "हो" म्हणाले.