गोठ्याच्या भिंतीपर्यंत फेकणारा पंप

मोटारीच्या बॉनेटमधून जाळ निघाला तेव्हा धाकटी जाऊ मागच्या सीटवर कळा देत होती आणि सासूबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. नरसी अजून लांब होतं, हिंगोलीचा दवाखाना त्याच्याही पुढे. आमचे मालक खाली उतरले आणि जाळाकडे असे बघत राहिले, जणू एखादा पाहुणा न सांगता आलाय.

"आक्का, मी उतरू का इथंच बसू? कायतरी एक सांगा," जाऊ म्हणाली.

तिला उतरवून बाभळीखाली बसवलं. बाळासाठी घेतलेली गोधडी मी इंजिनावर दाबली. सासूबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या, तेव्हा कुठे मालक भानावर आले आणि आडवे आले. पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. जाळ विझला. गोधडी गेली.

ती मोटार निजामाच्या काळातली. कुणा अधिकाऱ्यानं टाकून दिलेली, मालकांनी बैलांनी ओढत घरी आणली आणि दोन वर्षं तिच्याच मागे होते. सगळं जमलं, पण टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ओढणारा पंप निकामी निघाला, आणि तसला नवा मिळेना. हिंगोलीच्या मिस्त्रीनं दोन जुने पंप पुढे ठेवले. एक लहान, तसल्याच गाडीचा. दुसरा लष्कराच्या भंगारातल्या ट्रकचा, बॅटरीवर चालणारा. मोठा घेतला तर मध्ये रेग्युलेटर लावा, असं त्यानं बजावलं. नाहीतर पेट्रोल जोरानं येतं, कार्बोरेटरमध्ये मावत नाही, बाहेर सांडतं.

मालकांनी विहिरीवरच्या पंपाची जशी पारख करतात तशी केली. अंगणात दोन्ही पंप आळीपाळीनं बॅटरीला जोडले, नळी रॉकेलच्या बादलीत सोडली आणि कोणता किती लांब फेकतो ते पाहिलं. लहान पंपाची धार पायरीशीच पडली. मोठ्याची गोठ्याच्या भिंतीवर गेली. बघायला आलेल्यांनी माना डोलावल्या. रेशनचं रॉकेल भिंतीला पाजलं म्हणून सासूबाईंनी त्या दिवशी मालकांना चहा दिला नाही.

रेग्युलेटर का आणला नाही, असं मी विचारलं होतं. "इतका जोर मिळालाय, तो कमी काहून करायचा?" हे त्यांचं उत्तर. त्यानंतर मोटारीला कायम पेट्रोलचा वास यायचा. मालक म्हणत, जोराच्या इंजिनाला वास येतोच.

जावेचं पहिलं बाळंतपण घरीच अडलं होतं. मूल गेलं, तीही जाता जाता राहिली. या खेपेला दवाखान्यातच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दीर हळद घेऊन वसमतला गेलेला, एसटी निघून गेलेली. म्हणून ही मोटार. आणि खडबडीत रस्त्यावर सांडलेलं पेट्रोल धुराच्या तापलेल्या नळीवर पडलं, म्हणून हा जाळ.

पंपाची वायर जळाली होती, बाकी इंजिन शाबूत होतं. डिकीत पेट्रोलचा एक डबा होता. मी म्हटलं, डबा टपावर बांधा आणि नळी खाली इंजिनात सोडा, दवाखान्यात सलाईन लावतात तशी.

"त्याला जोर कुठं हाय?" मालक म्हणाले.

"न्हाईच पाहिजे. जोर आता तिला लावायचाय, तुमच्या मोटारीला न्हाई."

बाभळीखालून जाऊ हसली, मग कळ आली तशी कण्हली. सासूबाई म्हणाल्या, हसणं बाजूला ठेवा, डबा बांधा.

बाळंतपणासाठी घेतलेल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून डबा टपावर बांधला. इंजिन निवल्यावर मालकांनी हँडल मारलं. मोटार पहिल्याच हँडलला चालू झाली आणि गोगलगायीसारखी, पण न थांबता चालत राहिली. मी खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्या वाटेत डबा धरून बसले. लोक थांबून बघत होते. मालकांनी मान वळवली नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून ते तसेच मिस्त्रीकडे गेले. लहान पंप कुणीतरी नेला होता. मुकाट्यानं रेग्युलेटर घेऊन आले आणि मला दिसायच्या आधी पिशवीत लपवायला बघत होते. मी पाहिला. फक्त विचारलं, हा किती लांब फेकतो.

दिवेलागणीला मुलगी झाली. जाऊ जगली, मुलगीही जगली.