बंडीच्या खिशातली हळद

मला काट्याची भीती वाटते. ज्याचं पोट तीस वर्षं काट्यावर चाललं त्याने असं म्हणू नये, पण वाटते, आणि ती लपवण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

लाखनीला हायवेच्या कडेला आमचं धानाचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काटा येऊन बरीच वर्षं झाली, तरी पोती तोलायचा जुना लोखंडी काटा आम्ही काढलेला नाही. दसऱ्याला पूजा त्याचीच होते. त्याच्यासोबतची जुनी एकेक, दोनदोन किलोची वजनं पाटावर मांडायची, सगळ्यांना हळद-कुंकू लावायचं, आणि आरती झाली की घरातल्या प्रत्येकाने काट्यावर उभं राहायचं. आकडा खडूने दारामागे लिहायचा. मागच्या वर्षापेक्षा वाढला की टाळ्या. वजन वाढणं म्हणजे बरकत, एवढंच आम्हाला माहीत.

सगळ्यात जास्त टाळ्या दादाच्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकशे आठ किलोंचा माणूस. गादीवर बसला की पोट मांडीवर यायचं आणि त्यावर हात ठेवून तो शेतकऱ्यांशी बोलायचा. तो उठला की गादी रिकामी वाटायची. आम्हाला त्याच्या पोटाचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

मग भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला शुगर सांगितली आणि वजन उतरवा म्हणून चांगलंच खडसावलं. दादा सकाळी ट्रकांच्या धुरात हायवेने चालायला लागला. भात सोडला. आमच्याकडचा माणूस भात सोडतो म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्या दसऱ्याला तो काट्यावर उभा राहिला तर अकरा किलो कमी. वजन घटल्याच्या टाळ्या आम्ही पहिल्यांदाच वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

"ओला माल वाळला रे दादा!" मी ओरडलो.

"काहून बे, जळून राहिला का?" दादा हसला.

नवं धान ओलं असतं. वाळलं की वजन घटतं आणि माल चोख होतो. घट म्हणजे वाळण, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं की दुसरं काही सुचलंच नाही. संध्याकाळी वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, हे जेवूनच नाही राहिले. दोन घास खातेत अन् ताट सारतेत."

"पथ्य हाय ते, वहिनी," मी म्हणालो. "तुमी मधात बोलू नका."

त्याला संडासातून रक्त जात होतं. ते त्याने मूळव्याध समजून कोणाच्या तरी पुड्यांवर दाबलं. तोवर धान यायला लागलं होतं. हंगाम उरकला की पाहू, हंगाम उरकला की पाहू, असं करत दोन महिने गेले. नागपूरला नेलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पोचला होता. पुढचा दसरा दादाने पाहिला नाही. दाताखाली एक दाणा फोडून मी पोत्यातली ओल सांगतो, चारचौघांत त्याची फुशारकी मारतो. सख्खा भाऊ समोर सुकत होता आणि मला कळलं नाही.

दादा नागपूरच्या हॉस्पिटलात होता तेव्हा एकदा डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं. आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, सख्ख्या भावाला झालाय आणि तुमचं वजनही बरंच जास्त आहे. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. आतडं, लिव्हर, स्वादुपिंड, या सगळ्यांच्या कॅन्सरचा धोका ती वाढवते. वजन उतरवा, आणि दुर्बिणीने आतडं एकदा तपासून घ्या.

"पण वजन उतरलं, तर ते चालण्यानं उतरलं का रोगानं, हे कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"म्हणूनच तपासा म्हणतोय."

इतकं सोपं होतं. मी तपासलं नाही. दुर्बीण आत जाऊन काय दाखवेल, या विचाराने तारीख पुढे ढकलत राहिलो. चालायला मात्र लागलो. वजन हलत नव्हतं तेव्हा डॉक्टरांचं बोलणं आठवून भीती वाटायची. पहिले तीन किलो गेले आणि दादा आठवला. त्या दिवशी समोरच्या टपरीवर सहा आलुबोंडे खाल्ले आणि तसाच येऊन काट्यावर चढलो. अर्धा किलो वाढला होता. जीव भांड्यात पडला, आणि गादीवर परत येईपर्यंत पुन्हा पोटावरची चरबी डोक्यात आली. दिवसातून पाच पाच वेळा मी काट्यावर. एका हमालाने विचारलं, "शेठ, काटा बिघडला का जी?" मी उगाच त्याच्यावर खेकसलो.

दादानंतरच्या दुसऱ्या दसऱ्यापर्यंत माझे चार किलो गेले होते. आता सगळं घर आकडा पाहणार. टाळ्या वाजवणार. त्या टाळ्या मला ऐकवणार नव्हत्या, आणि कोणी टाळ्या न वाजवता नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं तर तेही सोसलं नसतं. सगळे आपट्याची पानं देण्या-घेण्यात होते, तेवढ्यात मी पाटावरची दोन दोन किलोची दोन वजनं उचलली आणि बंडीच्या आतल्या खिशांत सारली. आयुष्यात कोणा शेतकऱ्याला मी काटा मारलेला नाही. त्या दिवशी पूजेतल्या वजनांनी स्वतःलाच मारला.

दादा गेल्यापासून आकडा वहिनी लिहितात. "मागच्या साली होतं तेवढंच," त्या म्हणाल्या आणि खडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मी आतल्या खोलीत गेलो. त्या मागोमाग आल्या.

"भाऊजी, बंडी काढा."

"काहून?"

पांढऱ्या कापडातून पिवळा डाग बाहेर आला होता. त्यांनी स्वतःच खिशात हात घालून वजनं काढली, एक, मग दुसरं, आणि टेबलावर ठेवली. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्या खुर्चीवर मटकन बसल्या.

"तुमच्या दादाच्या बी बंडीले अशीच हळद लागली होती," त्या म्हणाल्या. "त्या दसऱ्याले. धुताना दिसली. इचारलं, तर म्हणे पूजेची वजनं आवरताना लागली. मी मानलं."

म्हणजे अकरा किलो अकरा नव्हतेच, त्याहून जास्त होते. दादाला सगळं ठाऊक होतं. निदान शंका तरी होती. माझ्यासारखाच घाबरून, खिशांत लोखंड घालून तो आमच्यासमोर उभा राहिला, आणि मी ओला माल वाळला म्हणून ओरडलो. तो हसला तेव्हा त्याचा एक हात बंडीवर होता. पोटावर ठेवायची सवय म्हणून ठेवलाय, असं मला वाटलं होतं.

"मले लय भेव वाटते, वहिनी," मी म्हणालो. कोणाजवळही हे पहिल्यांदा बोललो.

"मले बी वाटते. चाला नागपूरले."

"हंगाम..."

"हंगामाचं नाव काढू नका."

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यातून प्यायलो. टेबलावर कुशीवर झोपवलं तेव्हा नर्सने विचारलं, थंडी वाजते का. हो म्हणालो. थंडी वाजत नव्हती. आतड्यात दोन कोंब निघाले, डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणाले, एक लहान, एक बोराएवढा. दोन्ही तिथंच काढून तपासायला पाठवले. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी देवाशी जे जे बोललो ते कोणाला सांगण्यासारखं नाही. कॅन्सर नव्हता. मोठा राहिला असता तर पुढेमागे झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. ठरलेल्या मुदतीने पुन्हा तपासायचं, आणि वजन हळूहळू उतरवत राहायचं. मी उतरवतो आहे. प्रत्येक किलो उतरला की अजून भीती वाटतेच.

यंदाच्या दसऱ्याला काट्यावर चढण्याआधी मी बंडीचे दोन्ही खिसे ओढून बाहेर काढले, अस्तर लोंबेपर्यंत. घरातली लेकरं खदाखदा हसली, त्यांना ती गंमत वाटली. वहिनी हसल्या नाहीत. त्या पाटाजवळ वाकल्या, हळद लागलेली वजनं बोट लावून एकेक मोजली, आणि सगळी जागेवर आहेत हे पाहून मग खडू उचलला.